चर्च कुणाचं ते राहू द्या, गिलावा कशाचा ते बोला

गोव्यातल्या किंवा वसईतल्या एखाद्या गावचं जुनं चर्च मोठं करायचं, नाहीतर सरळ उतरवून नवं बांधायचं असा विषय निघाला की आठ दिवसांत तीन तट पडतात. पहिला वारसावाल्यांचा. हे बहुतेक पणजीत, मुंबईत किंवा त्याहून लांब राहतात आणि एक चिराही हलवू देणार नाही म्हणतात. दुसरा गावकऱ्यांचा: चर्च आमचं, वर्गणी आमची, लग्नं-मयतं आमची, तुम्ही कोण लागून गेलात? तिसरा तट अलीकडे फार बोलका झाला आहे. त्याच्या मते ही परक्यांनी देवळं पाडून उभी केलेली इमारत, राहिली काय नि पडली काय. तिघांचाही आवाज चढा, आणि तिघेही भांडतात ते मालकीवर. पोर्तुगिजांचं की आमचं, फादरचं की गावाचं, एका समाजाचं की सगळ्या देशाचं. हे भांडण रंगात येतं तोवर कंत्राटदाराने मागच्या अंगणात सिमेंटच्या गोणी उतरवलेल्या असतात. त्या गोणींबद्दल तिन्ही तटांतलं कुणी अवाक्षर काढत नाही.

मला बोलायचं आहे ते त्या गोणींबद्दल. गावच्या चर्चचा वारसा म्हणजे चिरा (घडवलेला जांभा दगड), चुना, लाकूड आणि कौल यांनी बांधायची एक रीत, आणि दर पावसाळ्यानंतर त्या इमारतीची घ्यायची निगा. ही रीत मोडली की चर्च उभं असूनही गेलेलं असतं. ती चालू राहिली तर बाजूला एक पडवी वाढवली, खिडकी रुंद केली, वेदी पुढे आणली, तरी फारसं बिघडत नाही. माझ्या मते पाडापाडीपेक्षा चुकीच्या दुरुस्तीनेच जास्त चर्चं खचत चालली आहेत. आणि ही दुरुस्ती सगळ्यांना खपते, कारण रंग मारला की पहिली चार वर्षं ती फार छान दिसते.

तिसऱ्या तटाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो टाळायची आपल्याकडे सवय आहे. देवळं पाडली गेली हे खरं आहे. १५६७ साली दक्षिण गोव्यातल्या साष्टीत जे झालं ते कुणाच्या कल्पनेतलं नाही. खुद्द पोर्तुगीज सत्तेच्या आणि जेझुइट या मिशनरी संघाच्या कागदपत्रांत ते अभिमानाने नोंदवलेलं आहे. देवळांच्या जमिनी चर्चकडे गेल्या, गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, उत्पन्नातून चर्चचा खर्च भागवला गेला, काही देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५८३ साली हत्यार उचललं ते उगाच नाही. हे सगळं मान्य करूनही प्रश्न उरतोच, की मग पुढे या इमारती बांधल्या कुणी? लिस्बनहून गवंडी भरून जहाजं आली नव्हती. १५६७ च्याच प्रांतीय धर्मसभेने फर्मान काढलं की ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. असं फर्मान केव्हा काढावं लागतं? सर्रास तसंच चाललेलं असतं तेव्हा. सोनार, सुतार, पाथरवट इथलेच होते. त्यांच्या हाताला कमळ, नाग आणि कीर्तिमुख यांची सवय होती, आणि ती सवय वेदीमागच्या लाकडी कोरीवकामात उतरली.

उलट बाजूनेही पाहा. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. त्याच्या अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या पाहा, घुमट पाहा. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ पाहा आणि मग एखाद्या चर्चचा घंटेचा मनोरा. एकाच परंपरेतले गवंडी दोन्हीकडे राबत होते. त्यांनी इकडचं तिकडे नेलं आणि तिकडचं इकडे आणलं. त्या काळी धर्माच्या भिंती कमी कडक होत्या असं मी म्हणत नाही, उलट फार कडक होत्या. कारागिरी तरीही भिंतीपलीकडे गेली. गोव्याच्या चर्चवास्तूंचा सगळ्यात कसून अभ्यास करणारे पाउलो व्हारेला गोमेस हे पोर्तुगीज इतिहासकार होते, आणि त्यांचाच निष्कर्ष असा की ही पोर्तुगीज चर्चं नव्हेत, भेसळही नव्हे, ही गोव्याची स्वतःची शैली आहे. पोर्तुगीज विद्वान हक्क सोडायला तयार आहे आणि आपण मात्र त्या इमारती त्याच्या पदरात घालायला निघालो आहोत!

याचा पुरावा हवा असेल तर तिसवाडीतल्या तळावलीला जावं. सांतानाचं, म्हणजे सेंट अ‍ॅनचं हे चर्च १६८१ ते १६९५ या काळात बांधलं गेलं. गाव लहान, शेतं आणि खाजणं भोवती, आणि मधूनच पाच मजली दर्शनी भिंत आणि दोन मनोरे वर येतात. जुन्या गोव्यातल्या बड्या चर्चांना लाजवेल असा तिचा डौल. भिंती जाड, आणि काही ठिकाणी त्यांच्या पोटात चिंचोळी वाट ठेवलेली. कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्रीला त्या वाटेने लोकांच्या नजरेआड येता-जाता यावं, हा हेतू. इतक्या जाड चिऱ्याच्या भिंतीत पोकळी ठेवून वर इतकी उंची गाठायची, तर दगडाची आणि चुन्याची नस ठाऊक असलेला माणूस लागतो. आणि जुलैअखेरीला इथे जे फेस्त भरतं ते तवशांचं! मूल व्हावं म्हणून जोडपी सांतानाला काकडी वाहतात. युरोपात या सणाला जोड सापडणं कठीण; आपल्याकडच्या ओटीला मात्र तो लगेच ओळखीचा वाटेल.

मराठी वाचकाने तर ‘परकं’ म्हणताना जरा थांबावं. इंग्लंडमधल्या विल्टशरहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीने ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचलं, ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं आणि साष्टीच्या गावागावांतल्या चर्चमध्ये ते वाचलं, गायलं गेलं. एकनाथांना जाऊन तेव्हा पुरतं पाव शतकही झालं नव्हतं. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेनेच स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. म्हणजे त्या छपराखाली आपली ओवी होती आणि ती नकोशी झाली ती सत्तेला. वसईत तर आजही सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत जुन्या चालीची गाणी आहेत आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा त्यातलीच, मेणवलीची घंटाही त्यातलीच. त्या घंटा कुणी वितळवल्या नाहीत. देवळात टांगल्या, वाजवल्या आणि पावणेतीनशे वर्षं सांभाळल्या. शत्रूकडून जिंकून आणलेल्या घंटांना जे औदार्य मिळालं ते आपल्याच गवंड्याने रचलेल्या चिऱ्याला का मिळू नये?

गोव्यातल्या सांकवाळला १८३४ साली चर्च आगीत गेलं. पुढची भिंत तेवढी उभी आहे, आणि वाद चालतो तो त्या भिंतीच्या जागी आधी काय होतं याचा. तो वाद इतिहासकारांनी पुराव्यानिशी सोडवावा, जरूर सोडवावा. पण आकाशाखाली उघड्या पडलेल्या जांभ्याच्या भिंतीला दर पावसाळ्यात काय होतं, हा प्रश्न त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

आता गावकऱ्यांचं म्हणणं. ते वजनदार आहे. चर्च हे म्युझियम नव्हे. तिथे बाप्तिस्मा होतो, लग्न लागतं, शवपेटी ठेवली जाते. छप्पर गळतं तेव्हा बादल्या गावचे लोक लावतात, वारसाप्रेमी नाही. वाळवी लागलेला वासा भर मिस्सेत खाली आला तर जबाबदार कोण? शिवाय १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पाद्री लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले, तेव्हा वेदीची मांडणी बदलणं आलंच. ज्याला श्रद्धाही नाही आणि वर्गणीही द्यायची नाही त्याने सल्ले देऊ नयेत, हा राग मला समजतो. पण ‘आमचं’ म्हणजे आजच्या पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं का? ज्या आजोबा-पणजोबांनी भात विकून चुन्याला पैसे दिले त्यांचं मत कुठे घेतलं?

इंग्लंडमध्ये हा प्रसंग दीडशे वर्षांपूर्वी येऊन गेला. ऑक्सफर्डशरमधल्या बर्फर्ड गावच्या चर्चचं ‘जीर्णोद्धारा’चं काम १८७६ साली विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कलावंताने पाहिलं आणि हरकत घेतली. तिथल्या व्हिकरने, म्हणजे पाद्रीने, म्हणे त्याला सुनावलं, चर्च माझं आहे, मनात आलं तर मी इथे डोक्यावरही उभा राहीन. किस्सा खरा असो वा तिखटमीठ लावलेला, सूर ओळखीचा आहे. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि तिला टोपणनाव पडलं ‘खरवडविरोधी’. कारण त्या काळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली गावोगावच्या चर्चांचा जुना गिलावा खरवडून काढायची साथ आली होती. आतले दगडगोटे उघडे केले की इमारत जास्त जुनी, जास्त ‘अस्सल’ दिसते म्हणे! ते दगड कधीच उघडे राहण्यासाठी रचलेले नव्हते. मॉरिसच्या संस्थेने मागितलं ते फार साधं होतं: जीर्णोद्धार थांबवा, रोजची निगा घ्या.

तीच चूक गोव्यात पंचाहत्तर वर्षांनी झाली, आणि ती गावच्या फादरने केली नाही. बाल्ताझार कास्त्रो नावाच्या सरकारी वास्तुविशारदाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या गोव्यातल्या बॉ जेझूस बासिलिकेचा चुन्याचा गिलावा उतरवला, आणि तेव्हापासून ती लाल जांभ्याची इमारत पर्यटकांच्या फोटोत शोभून दिसते. पण जांभा सच्छिद्र. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कवच काढल्यामुळे तो थेट दगडात जातो. आज पुन्हा गिलावा करावा असं म्हटलं की लोक दचकतात, ‘आमची लाल बासिलिका पांढरी करणार?’ म्हणून. ती साडेतीनशे वर्षं पांढरीच होती. गावचे फादर आणि पॅरिश कौन्सिल यांनाच दोष देणाऱ्या वारसावाल्यांनी हे लक्षात ठेवावं, की गोव्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध चर्चला उघडं पाडणारा हात तज्ज्ञाचा होता.

गावात मात्र उलटा प्रकार चालतो: चुना काढून सिमेंट. ते का वाईट हे समजायला चिरा कसा वागतो ते पाहावं लागतं. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की घट्ट होतो. तरी पाणी पिण्याची त्याची खोड जात नाही. चुन्याचा गिलावा त्याच्याच स्वभावाचा: पावसात थोडं पाणी घेतो, ऊन पडलं की सोडतो, आणि झिजायचं ते आपण झिजतो, चिरा वाचवतो. म्हणून दिवाळीच्या सुमाराला पुन्हा सफेदी. सिमेंट कडक. त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. ते वर चढतं, बाजूला सरकतं आणि शेवटी वाशांची टोकं भिंतीत जिथे रोवलेली असतात तिथे जाऊन बसतं. तिसवाडीतल्याच एका लहान चर्चच्या मागच्या भिंतीवर मी नुसतं बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. कोपऱ्याला धरून ओढल्यावर तळहाताएवढा सिमेंटचा पोपडा निघून हातात आला, आणि त्याच्या पाठीला बोटभर जाडीचा तांबडा, ओला, भुसभुशीत चिरा चिकटलेला होता. गिलाव्याने दगडच सोलून काढला होता. त्याच भिंतीला वर खिडकीच्या कमानीशी जुन्या चुन्याचा एक पट्टा राहून गेला होता, कदाचित परांची तिथवर पोचली नसेल. तो काळवंडला होता, पण नखाने खरवडूनही निघेना. आत, ओल लपवण्यासाठी पाच फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स लावलेल्या. न्हाणीघरात शोभतील अशा. ओल अर्थातच टाइल्सच्या वर, सहाव्या फुटावर आली होती.

याला सगळ्यात भक्कम उत्तर असं की ही चर्चं कधी स्थिर होतीच कुठे? बहुतेक गावांत पहिलं चर्च मातीचं, झावळ्यांनी शाकारलेलं होतं. मग चिऱ्याचं झालं, मग मनोरे आले, मग मंडप लांबला. आपण ज्या लाल कौलांवर जीव टाकतो ती मंगळुरी कौलंसुद्धा १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतरची. त्याआधी नळीची कौलं होती. शिंपल्यांच्या तावदानांची जागा काचेने घेतली. मग काळ १८९० लाच का थांबवायचा? आमच्या पिढीने आरसीसी का वापरू नये?

हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच ‘एक चिराही हलवू नका’ हे म्हणणं मला पटत नाही. पण जुने बदल आणि हे बदल एका जातीचे नाहीत. नळीचं कौल काढून मंगळुरी घातलं तेव्हा खालच्या भिंतीला काही झालं नाही, आणि उद्या कुणाला पुन्हा नळीचं घालावंसं वाटलं तर आड येणारं काही नाही. चुन्यात सांधलेला चिरा काढून दुसऱ्या भिंतीत वापरता येतो. आपल्या पूर्वजांनी तेच केलं, कधी भल्या मार्गाने, कधी बुऱ्या. जांभ्याच्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब ओतला की तो निर्णय पुढच्या पिढीच्या वतीनेही घेऊन टाकलेला असतो. वजन वाढतं, वारा खेळायचा थांबतो, उकाडा वाढतो, मग पंखे, मग एसीची मागणी. आणि खाऱ्या हवेत स्लॅबमधल्या सळीचं काय होतं ते मुंबईकराने वेगळं सांगायला नको. तीन शतकं टिकलेल्या भिंतीच्या डोक्यावर तिच्याआधी मरणारं छप्पर ठेवायचं, यात आधुनिक ते काय?

जागेचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखा नाही. गोव्यातल्या पुष्कळ गावांत चर्च तुडुंब भरतं ते नाताळला, गुड फ्रायडेला आणि फेस्ताला. त्या दिवसांसाठी बाहेर मंडप घालायची पद्धत आहेच. वसईत लोकवस्ती खरोखरच बेसुमार वाढली आहे. तिथे जागा पुरत नाही ही तक्रार खोटी नव्हे. मग बाजूला नवं, मोठं, हवं तर काँक्रीटचं चर्च बांधावं आणि जुनं रोजच्या मिस्सेला, लग्नाला, आराधनेला ठेवावं. नाहीतर धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला समाज, विभागावं. दोन्ही गोष्टी खर्चिक आहेत आणि दोन्हींना जमीन लागते, हे मान्य. तरी जुनं पाडणं हा पहिला पर्याय म्हणून पुढे येतो तो गरजेपोटीच, असं मला वाटत नाही. मोठ्या इमारतीच्या कोनशिलेवर नाव लागतं. पन्हळ साफ केल्याबद्दल कुणाचं नाव लावत नाहीत.

‘सरकारने ताब्यात घ्यावं’ हा वारसावाल्यांचा हुकमी उपाय. फ्रान्सने तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे झाले, आणि त्याआधीची गावोगावची चर्चं नगरपालिका-ग्रामपालिकांच्या मालकीची ठरली. पुढच्या काही वर्षांतच मोरिस बारेससारख्या लेखकाला त्यांच्या पडझडीवरून संसदेत आवाज उठवावा लागला. काही गावांना दुरुस्ती करायची नव्हती, काहींना परवडत नव्हती. मालक बदलला म्हणून पन्हळ तुंबायची थांबली नाही. आपल्याकडे तर सरकारी संरक्षण म्हणजे निळा फलक, कुंपण आणि निविदा निघेपर्यंत दोन पावसाळे.

राहिला पैसा आणि माणूस. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर महाग पडतो, आणि चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो. कंत्राटदाराला नाताळच्या आत बिल काढायचं असतं. ही अडचण मी कमी लेखत नाही. पण गवंडी का मिळत नाही? आपण त्याला काम देणं बंद केलं म्हणून. शेजारशेजारच्या पाच-सहा धर्मग्रामांनी ठरवून आळीपाळीने दरवर्षी एकेका चर्चचं काम काढलं तर दोन गवंड्यांना वर्षभर पुरेल इतकं काम होतं. त्यांच्या हाताखाली चार पोरं तयार होतात. त्याच पोरांना गावातली जुनी घरं आणि देवळंही बोलावतील, कारण तीही चिऱ्याचीच आहेत आणि तिथेही सिमेंटने हाच घोळ घातला आहे.

पैसा गावात नाही असंही नाही. साष्टीतून बोटीवर, आखातात आणि मध्यंतरी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्यांकडून तो येतो. गोवेकरांची मोठी वस्ती झालेलं स्विंडन हे शहर स्टीफन्सच्या विल्टशरमधलंच, ही इतिहासाची एक गंमत. पण लांबून पैसे पाठवणाऱ्याला दिसेल असं काहीतरी हवं असतं: संगमरवरी फरशी, नवी वेदी, रंगीत दिवे. ‘पन्हळ, वाळवी, चुना’ या नावाने वर्गणी मागायची पद्धत अजून पडलेली नाही. ती पाडायला भाषणं लागत नाहीत. पॅरिश कौन्सिलने वर्गणीच्या पावतीवर दोन रकाने छापावेत, एक सजावटीचा आणि एक देखभालीचा, आणि दुसऱ्यात ठरलेली रक्कम जमल्याशिवाय पहिल्यातला पैसा खर्च करायचा नाही असा ठराव करावा. देखभालीतून पहिल्या वर्षी फक्त पाण्याचा बंदोबस्त करावा: फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, भिंतीच्या पायाशी साचणारी माती. सिमेंट एकदम उपटायच्या मागे लागू नये, त्याने चिरा आणखी सोलला जाईल. जिथे ते आपणहून सुटलंय तिथेच काढावं, भिंतीला एक उन्हाळा सुकू द्यावं आणि मग चुना लावावा. आणि तेवढं होईपर्यंत रंगाची कोटेशनं मागवूच नयेत.